पंचहौदचा चहा आणि वेदीवरचा प्याला

पंचहौदचा चहा पुणेकरांना तोंडपाठ. १८९० साली इथल्या ख्रिस्ती मिशनमधल्या सभेत टिळक-रानडे वगैरे मंडळींपुढे चहा आला, काहींनी घेतला, आणि त्यावरून माजलेलं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, पार प्रायश्चित्तापर्यंत गेलं. गुरुवार पेठेत रिक्षावाल्याला चर्च कुठे म्हणून विचारलं, तर तोही म्हणाला, "ते चहावालं ना?" एवढ्या जुन्या देवालयाची ओळख एका कपावर यावी, हे पुण्यातच होऊ जाणे!

रविवारची मराठी उपासना होती. शेजारच्या आजींचं गीतपुस्तक पार खिळखिळं झालेलं, रबर लावून धरलेलं. पण त्यांना ते उघडावं लागत नव्हतं. पाळकांनी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला पंधरावा अध्याय घेतला. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असं पौल इ.स. ५५च्या सुमारास लिहितो. पदरचं काही घातलेलं नाही, हे तो मुद्दाम सांगतो. मग सगळ्यांनी उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हटला. त्यात पंतय पिलाताचं नाव येतं तेव्हा मला दर वेळी गंमत वाटते: येशूला क्रूसावर देणाऱ्या एका रोमन सुभेदाराला घट्ट धरून ठेवलंय, म्हणजे क्रूसाची गोष्ट नुसतं रूपक आहे असं कुणाला म्हणता येऊ नये.

इथे फादर नेहेम्या गोऱ्यांची आठवण येणारच. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन बसले. पुढे कौली फादर्स या अँग्लिकन संन्याशांच्या संघाबरोबर पुण्यातही राहिले. येशूची नीती हवी, अवतार आणि क्रूस नको, असं म्हणणाऱ्या प्रार्थना समाजवाल्यांशी त्यांनी वाद घातला. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयातही त्यांच्या लेखनाचा वाटा होता. मला हा खमका माणूस आवडतो. ऐकणाऱ्याला रुचावं म्हणून त्यांनी क्रूस कधी झाकला नाही.

प्रभुभोजनानंतर आवारात, घंटांच्या मनोऱ्याखाली, एक काका भेटले. हल्लीच्या पोरांना उपदेशात करिअर हवं असतं, अशी त्यांची तक्रार.

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"सांगायचंय काय? यशाचे क्लास सदाशिव पेठेत रग्गड आहेत. पापक्षमेचा एक तरी दाखवा."