आजोबा नव्वद वर्षं जगले, म्हणून?

आमच्या वेंगुर्ल्यात कुणाला विडी सोडायला सांगा, उत्तर ठरलेलं असतं. परवा जाळं सांधताना भाऊकाकांनीही तेच ऐकवलं, "आमचो आजो मरेपर्यंत विडी ओढी. नव्वद वर्सां जगलो. तेका काय झाला गो?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न उडवून लावायचा नाही, कारण आजोबांना खरंच काही झालं नव्हतं. मग काकांनाच बंदरावरून घरी येताना धाप का लागते?

याचं उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांत सापडतं. उंदराचं एकच नेमकं जनुक निकामी करता येतं. ही युक्ती शोधणाऱ्या कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. असे उंदीर अमेरिकेत स्टीव्हन शापिरो यांच्या गटाने सिगारेटच्या धुरात ठेवले. निष्कर्ष १९९७ मध्ये छापून आले. धूर आत गेला की फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गोळा होतात. त्यांच्यातलं इलास्टेज हे विकर (एन्झाइम) वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंतींतलं इलास्टिन हे लवचीक प्रथिन कुरतडतं. जाळ्याचे मधले धागे तुटले की बारीक भोकांचं एक भगदाड होतं, तसेच वायुकोश फाटून एक होतात आणि श्वास घ्यायला पुरेसा पृष्ठभागच उरत नाही. साध्या उंदरांची काही महिन्यांत ही गत झाली. ज्यांच्यात त्या इलास्टेजचं जनुकच नव्हतं, त्यांची फुप्फुसं शाबूत राहिली. मला जास्त चकित करणारी गोष्ट पुढे आहे: त्यांच्या फुप्फुसांत मॅक्रोफेजची गर्दीसुद्धा वाढली नाही. म्हणजे हे विकर नुसती नासधूस करत नाही, दाह वाढवण्यातही त्याचा हात असतो.

२००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना याच्या उलट दिसलं. एनआरएफ२ हे जनुक धुरातल्या विषारी ऑक्सिडंटांशी लढणारी प्रथिनं बनवायला लावतं. ते काढून टाकलेल्या उंदरांत दाह फार वाढला, आणि त्या जातीचे साधे उंदीर ज्या धुराला पुरून उरले, त्याच धुराने यांची फुप्फुसं गेली.

माणसातही असं घडतं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे संरक्षक प्रथिन जन्मतः कमी असलेल्यांना विडी-सिगारेटमुळे फार लवकर धाप लागते. स्वीडनमध्ये १९६३ मध्येच हे प्रथिन आणि फुप्फुसाचा आजार यांचा संबंध उघड झाला होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्याला आपल्यासारखा खोकला-कफ होत नाही, हे मान्य. पण आजोबांच्या अंगात जे होतं ते वारशाने काकांना आलंच असेल, असं कुणी सांगावं? मुलाला आईबापांकडून निम्मी-निम्मी जनुकं मिळतात. नातवापर्यंत पोचताना आजोबांचा वाटा सरासरी पावच उरतो.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "मगे आता सोडून फायदो काय?"

मी खरं ते सांगितलं. फाटलेल्या भिंती परत येत नाहीत, दाहही लगेच पुरता निवत नाही. पण सोडल्यावर फुप्फुसाची ताकद घटण्याचा वेग कमी होतो, साठीतसुद्धा. काकांनी विडी अजून सोडलेली नाही. स्पायरोमेट्रीला, म्हणजे नळीत जोराने फुंकायच्या तपासणीला, ते तयार झालेत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना सावंतवाडीला घेऊन जाणार आहे.