सहा विमानं, चार कंपन्या आणि तक्रार एकही नाही

प्रवासाहून परतल्यावर घरून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "मग, काय काय झालं?" यातला खरा प्रश्न "कुठे अडकलात, काय हरवलं, कोणाशी भांडलात?" असा असतो, हे मला आता पाठ झालंय. बॅग तिसऱ्याच देशात गेली, रात्र विमानतळाच्या खुर्चीवर काढली, असलं काही असेल तर फोन अर्धा तास चालतो. सगळं नीट झालं म्हटलं की समोरून "बरं झालं बाई" आणि विषय संपला.

सप्टेंबर २०२४ मधला आमचा ग्रीसचा प्रवास त्या दृष्टीने पार फसला. आई तेव्हा माझ्याकडे टोरांटोला आली होती. तिला घेऊन नाक्सोस या बेटावर जायचं ठरवलं. टोरांटोहून फ्रँकफर्टला एअर कॅनडा, तिथून अथेन्सला लुफ्थान्सा, पुढे बेटावर ऑलिम्पिक एअर. येताना पुन्हा ऑलिम्पिक, अथेन्समध्ये दोन रात्री, मग झुरिकपर्यंत स्विस आणि शेवटी एअर कॅनडा. एकूण सहा विमानं. यातलं किमान एक तरी दगा देणार याची मला इतकी खात्री होती की मी दोघींचे दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत भरले होते. त्यांना हात लावायची वेळ आली नाही.

भीती उगाच नव्हती. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःला फार हुशार समजून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा उतरलं. बॅग घेऊन, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभी राहून काउंटरपाशी पोचले तेव्हा तो बंद झाला होता. दुसऱ्या कंपनीच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तुमचं आधीचं विमान आमच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. दोन तिकिटं म्हणजे कागदोपत्री दोन स्वतंत्र प्रवास. मधलं अंतर आपल्या जबाबदारीवर.

म्हणून या वेळी सहाही विमानं एकाच तिकिटावर घेतली. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. आमचा क्रमांक ०१४ ने सुरू होत होता, म्हणजे एअर कॅनडा. लुफ्थान्साचं असतं तर २२० आलं असतं. एकाच तिकिटामुळे चार कंपन्यांच्या संगणकांना आम्ही दोघी एकाच प्रवासातल्या म्हणून दिसत होतो. एखादं जोडविमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही मग त्यांची डोकेदुखी.

तरी एक गंमत होतेच. सहा अक्षरांचा जो बुकिंग कोड आपल्याला मिळतो तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. एअर कॅनडाचा कोड मी दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर उत्तर आलं, असं बुकिंग सापडत नाही. पोटात गोळा. मग फोन करून बाकीचे कोड मागून घेतले. आईने ते सगळे आपल्या छोट्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवले आणि पुढचे दोन आठवडे ती वही पासपोर्टपेक्षा जास्त जपली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आईने शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, टोरांटोला येण्याआधीच काढून आणला होता. अर्ज ग्रीसकडे, कारण जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, विमान आधी जर्मनीत उतरत असलं तरी. आणि तिचा कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे मी तीनदा तपासलं. परतीचा दरवाजा आधी बघून घ्यावा.

खरा वाद झाला तो व्हीलचेअरवरून. आईचा गुडघा दुखतो. जिने चढते, पण लांब चालणं जमत नाही, आणि फ्रँकफर्टचा विमानतळ म्हणजे नुसतं चालणं.

"मी काय लुळीपांगळी आहे?" आई म्हणाली.

"अगं, तुझ्यामुळे मलाही रांगेत उभं राहावं लागणार नाही."

"मग तसं सांग ना सरळ."

मागणी एकदाच नोंदवली, तीसुद्धा एअर कॅनडाकडे. ती बाकीच्या कंपन्यांपर्यंत पोचेल यावर माझा विश्वास नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी विमानाच्या दाराशी कोणीतरी आईच्या नावाची यादी घेऊन उभं होतं. युरोपीय संघात २००६ च्या एका नियमानुसार ही मदत देण्याची जबाबदारी विमानकंपनीची नसून विमानतळाची आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. आपण फक्त ४८ तास आधी कळवायचं. कंपन्या बदलल्या तरी खुर्ची ढकलणारी व्यवस्था त्या त्या विमानतळाचीच राहते, त्यामुळे आम्ही कुठल्या कंपनीचे यावरून कुठेच चर्चा झाली नाही. फ्रँकफर्टला तर विजेवर चालणाऱ्या गाडीत बसवून, पासपोर्ट तपासणीच्या बाजूच्या रांगेतून आम्हाला काढलं. आई गाडीत ताठ बसली होती, पालखीत बसल्यासारखी. "हे आधी का नाही सांगितलंस?" असं मलाच विचारलं.

बॅगांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. टोरांटोच्या काउंटरवरच्या मुलीने दोन बॅगांना पट्ट्या लावल्या आणि म्हणाली, आता थेट नाक्सोसला. पट्टीवर खालून वर तीन विमानतळांची नावं, सगळ्यात वर नाक्सोसचा कोड जेएनएक्स. पट्टीवर दहा आकडी क्रमांक असतो, त्यातही कंपनीचे तीन आकडे दडलेले असतात. आमच्या पावतीवर ते ०१४ मी लगेच शोधून काढले, आणि आईला दाखवायला गेले तर तिने आधीच वहीत लिहून घेतलं होतं.

२०१८ च्या जूनपासून विमानकंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेने सदस्यांना असा नियम घालून दिलाय की बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची: ताब्यात घेताना, विमानात चढवताना, एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवताना आणि शेवटी उतरवून देताना. बॅगा हरवतात त्या बहुधा तिसऱ्या ठिकाणी, हस्तांतर करताना, आणि आमच्या जाण्याच्या मार्गावर अशी दोन हस्तांतरं होती. मी दोन्ही बॅगांत ट्रॅकर टाकले होते. अथेन्सला विमानात बसल्या बसल्या फोनवर दिसलं की दोन्ही ठिपके आमच्यासोबत तिथेच आहेत. आईने चष्मा लावून बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहिलं.

वजनाचाही घोळ झाला नाही. बेटावर जाणारी छोटी विमानं सामानाच्या बाबतीत कडक असतात, म्हणून मी धास्तावले होते. पण कॅनडात जाण्या-येण्याच्या एका तिकिटावरच्या प्रवासाला सगळ्या टप्प्यांवर सामानाचा एकच नियम लावायचा, असं तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने २०१५ पासून ठरवून दिलंय. टोरांटोला चाललेल्या २३ किलोंना अथेन्समध्ये कोणी नाक मुरडलं नाही. हातातल्या बॅगेकडे मात्र लक्ष ठेवा. लुफ्थान्साची मर्यादा ८ किलोंची आहे, आणि दोन दिवसांच्या कपड्यांनी माझी बॅग बरोबर त्या काठावर आणून ठेवली होती.

अथेन्सच्या फलाटावर, म्हणजे गेटवर (आई गेटला शेवटपर्यंत फलाटच म्हणत होती), पाटीवर एका विमानाचे क्रमांक आलटून पालटून बदलत होते. तिकिटावर आमचं विमान एजियन नावाच्या कंपनीचं होतं, उडवणार होती ऑलिम्पिक, आणि पाटीवर आणखी दोन कंपन्यांचे क्रमांक.

"विमान एक आणि नावं इतकी? विष्णुसहस्रनाम आहे का हे?"

मग मी तिला समजावलं. एजियनने ऑलिम्पिक एअर २०१३ मध्ये विकत घेतली. एजियन स्वतः स्टार अलायन्स या गटात आहे आणि एअर कॅनडा, लुफ्थान्सा, स्विस याही त्यात आहेत. गटातल्या कंपन्या एकमेकांच्या विमानांवर आपला क्रमांक लावून जागा विकतात. हा गट १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून काढला: एअर कॅनडा, लुफ्थान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड. त्यातली एसएएस नेमकी १ सप्टेंबर २०२४ ला उठून स्कायटीम या प्रतिस्पर्धी गटात गेली. संस्थापक सदस्याने पक्षांतर केलं हे ऐकल्यावर आईला सगळी व्यवस्था एकदम ओळखीची वाटायला लागली.

नाक्सोसचं विमान म्हणजे दोन पंख्यांचं छोटंसं. तिथली धावपट्टी आखूड आहे, मोठी जेट विमानं उतरतच नाहीत. टोरांटोच्या अवाढव्य विमानानंतर हे म्हणजे एसटीतून उतरून टमटममध्ये बसल्यासारखं. आईला तेच सगळ्यात आवडलं, कारण खाली समुद्र आणि बेटं इतकी जवळ दिसत होती की होड्या मोजता येत होत्या. उतरल्यावर इमारतीपर्यंत चालत गेलो. पाठोपाठ बॅगाही आल्या, दोन्ही. मी त्यांच्याकडे क्षणभर अविश्वासाने पाहत राहिले.

खरं तर अथेन्सहून बोटीने जावं असं आईच्या मनात होतं. पिरेयस बंदरातून नाक्सोसला बोटी जातात, आणि मलाही मोह झाला होता. पण एका तिकिटाचा हा दुसरा चेहरा आहे: टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. मधलं एक विमान सोडलं तर पुढची सगळी विमानं आपोआप रद्द होऊ शकतात, अगदी परतीचीसुद्धा. शिवाय आमच्या बॅगा आमच्याविना बेटावर जाऊन बसल्या असत्या. कुणाला असा बदल करायचाच असेल तर आधी कंपनीला फोन करून तिकीट बदलून घ्यावं. गपचूप बोटीत बसू नये.

बेटावरच्या आठ दिवसांबद्दल वेगळं लिहीन. एवढंच सांगते की बंदराशेजारच्या टेकडीवर अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे, पोर्तारा म्हणतात त्याला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. देऊळ नाही, नुसती चौकट. आई तिथे रोज संध्याकाळी जाऊन बसायची, गुडघ्याची तक्रार न करता.

परतीला एका टप्प्यावर विमान चाळीस मिनिटं उशिरा निघालं. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्याने काही बिघडलं नाही. जोडविमानांमध्ये मी अडीच-तीन तास ठेवले होते. विमानतळ स्वतः जी किमान वेळ ठरवतात ती बरीच कमी असते; व्हिएन्नाला तर २५ मिनिटांतही जोडविमान पकडता येतं म्हणतात. तरुण पाय आणि एकच पिशवी असेल तर जरूर करून बघा. सत्तरीची आई बरोबर असताना मी तो खेळ खेळणार नाही.

अथेन्सहून निघताना बॅगांच्या पट्ट्यांना कडेने हिरव्या रेघा आल्या. आईच्या ते लगेच लक्षात आलं: "जाताना पांढरी होती." युरोपीय संघातल्या विमानतळावर दिलेल्या बॅगेला ही हिरवी कड असते, कस्टमवाल्यांना ओळखता यावं म्हणून. हे मला आधी माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी पट्टीकडे नीट पाहिलंच नव्हतं.

आणि मग झुरिक. कॅनडाचं विमान ई गेटवरून सुटणार होतं. ही गेटं ज्या इमारतीत आहेत ती मुख्य इमारतीपासून दूर, धावपट्ट्यांच्या मधे आहे. शेंगेनमधून बाहेर पडतानाची पासपोर्ट तपासणी झाली की स्कायमेट्रो नावाच्या छोट्या गाडीतून जमिनीखालून तिथे जायचं. तीनेक मिनिटांचा प्रवास. आम्ही बसलो, गाडी बोगद्यात शिरली, आणि अचानक गळ्यातल्या घंटांचा किणकिणाट आणि पाठोपाठ गाय हंबरल्याचा आवाज. आईने माझा हात घट्ट धरला आणि पायाशी पाहिलं. बोगद्याच्या भिंतीवर चित्रं हलत होती, ढोलासारखं काहीतरी वाजतंय असं वाटेपर्यंत ते आल्प्समधलं लांबलचक शिंग निघालं. आजूबाजूचे लोक फोनमधून मानही वर काढत नव्हते. आई खुर्चीत बसून इतकी हसली की खुर्ची ढकलणारा मुलगाही हसायला लागला.

गेटवर आईचा कॅनडाचा व्हिसा पाहिला, बोर्डिंग पासवर काहीतरी खूण केली, झालं. टोरांटोला बॅगा आमच्या आधी पट्ट्यावर फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत होते. "काही नाही गं," आई म्हणाली, "सगळं वेळेवर." थोडी शांतता. मला कळलं, पलीकडून "बरं झालं बाई" येतंय आणि फोन आता संपणार. तेवढ्यात आईचा आवाज चढला.

"पण ऐक तर, झुरिकला जमिनीखाली गाय हंबरते!"

पुढे अर्धा तास फोन चालला.