ताम्रपटात मी आधी जकात शोधते

कोणताही ताम्रपट हाती आला की राजाची वंशावळ, त्याच्या तलवारीचं तेज, शत्रूंच्या बायकांचे अश्रू हा सगळा मजकूर मी ओलांडून पुढे जाते. माझी नोकरी सगळी क्लिअरिंग एजंटकडे झाली. बिल ऑफ एंट्री भरायची, ड्यूटी काढायची, कुठल्या नोटिफिकेशनखाली सूट बसते ते शोधायचं, डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढायच्या आत माल गोदीबाहेर काढायचा. त्यामुळे नजर आपोआप तळाशी जाते. काय दिलं, कुणाला दिलं, कशावर किती घेतलं, साक्षीला कोण होतं. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे कदाचित आवडणार नाही, पण मध्ययुगातला समुद्रव्यापार आणि धर्म यांचं नातं मला या तळाच्या ओळींतच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

खारेपाटणचा शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा पट घ्या. कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाने अव्वेश्वराच्या देवळासाठी आत्रेय नावाच्या शैव गुरूला दान दिलं आहे. दानाचा हेतू सविस्तर लिहिलाय: देवाची पूजा, देवळाची डागडुजी, तपस्व्यांचं अन्नवस्त्र, विद्यार्थी आणि पाहुण्यांची सोय. यासाठी गावं दिली, इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. परदेशातून बंदराला लागणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, देवळाला. काही ठिकाणांहून येणाऱ्या जहाजांना वेगळा दर, एक धरण, म्हणजे दुसऱ्या मापाचं सोनं. मूळ ठिकाण बघून दर बदलायचा, हे मी नोकरीत रोज करत होते. हजार वर्षांपूर्वी वाघोटनच्या खाडीकाठी कुणीतरी तेच करत होता हे वाचून मला हसूच आलं.

आता विचार करा, त्या काळी या किनाऱ्यावर परदेशी जहाजं कुणाची येत? बरीचशी सिराफ, ओमान, बसरा इकडची. तांडेल अरब किंवा इराणी, खलाशी नाना जातीधर्मांचे. म्हणजे नमाज पढून उतरलेल्या नाखव्याने मोजलेलं सोनं शंकराच्या नैवेद्याला आणि संन्याशांच्या जेवणाला जात होतं. त्याला याचं काही वाटत असेल असं मला नाही वाटत. बंदरात शिरायचं तर दर भरायचा, पुढे तो पैसा कुणाच्या खात्यात जमा होतो हे बघायला त्याला वेळ कुठे होता? आणि आत्रेयालाही हा पैसा कुणी भरला याची फिकीर नसावी. जहाजं येत राहिली पाहिजेत, एवढंच त्याला हवं असणार.

उलटी बाजू दिसते ती डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत. शके ८४८, इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र. संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या भागाचा कारभार ज्याच्याकडे होता त्याचं नाव मधुमती सुगतिप, म्हणजे आपला महंमदच. कुळ ताजिक, अरब. बापाचं नाव सहियारहार, म्हणजे शहरियार, अस्सल इराणी. नेमणूक तिसऱ्या इंद्राच्या आजोबाने, दुसऱ्या कृष्णाने केली होती. या माणसाने आजूबाजूची बंदरं ताब्यात आणली, दोन प्रवाहांवर फुकट होडीची सोय केली आणि संयानला एक अन्नछत्र काढलं. ताम्रपटात तिथला बेतही आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. राजाच्या स्तुतीला खंडीभर विशेषणं खर्च करणारा लेखनिक जेवणाच्या पानावर एवढा रेंगाळला, यावरून ते तूप बऱ्यापैकी असणार.

मूळ दान मात्र वेगळंच आहे. अण्णैय नावाच्या भारद्वाज गोत्री ब्राह्मणाने संयानला भगवतीची मठिका, म्हणजे छोटा मठ, बांधली. तिच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या ब्राह्मणांच्या जेवणासाठी गाव आणि जमीन हवी होती. ती दिली महंमदाने, इंद्राच्या परवानगीने. अधिकारी मुसलमान, राजा मान्यखेटचा (राष्ट्रकूटांची राजधानी), देवी हिंदू, अर्जदार ब्राह्मण. फाइल नेहमीच्या वाटेने वर गेली, खाली आली, सही झाली. कुणी एकमेकांच्या श्रद्धेबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

त्याच मठिकेला इ.स. १०३४मध्ये शिलाहारांच्या मांडलिकाने, चामुंडराजाने दिव्याच्या तेलासाठी एक घाणा दिला. तेव्हा ज्यांना हे कळवलं त्यांत हंजमान आहे, म्हणजे पारशांची जमात, आणि अल्लिय, महर, मधुमत अशी नावं आहेत. देवीचा दिवा कुणाच्या घाण्यावर जळणार हे गावातल्या पारशी आणि मुसलमान प्रमुखांनाही अधिकृतपणे सांगितलं गेलं, कारण पुढे घाण्यावरून वाद निघाला तर आम्हाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आणि वाद निघतही. याच मठिकेचं भांडण झालेलं नोंदलंय, जमिनीवरून. कुणाशी? भिनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेल्या विष्णूच्या देवळाशी. शेवटी दरसाल द्रम्मांत, म्हणजे त्या काळच्या नाण्यांत, भाडं ठरलं आणि मिटलं.

हे असं एकत्र राहणं का घडलं याचं उत्तर बरचसं वाऱ्यात आहे. नैऋत्येचा वारा सरता सरता जहाजं इकडे येत आणि थंडीत ईशान्येचा वारा धरून परत जात. मधले महिने बंदरातच. वारा चुकला तर वर्ष गेलं. मग माणसं घरं करतात, लग्नं करतात, मशिदी बांधतात, मेलेल्यांना पुरतात, वारशावरून भांडतात. अरब प्रवासी अल मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास चौलला आला, त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं लिहिलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले, ज्यांना बयासिरा म्हणत. आकडा गोल आहे, प्रवाशांचे आकडे तसेच असतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्यांचा एक प्रमुख होता, हुनरमन, आणि त्यांचे आपसातले तंटे तो सोडवी. त्याला मान्यता राजाची. कारभार त्या वेळी झंझ शिलाहाराचा. परक्या माणसांच्या वाटण्या नि देणीघेणी राजाच्या पंडितांनी कशाला निस्तरायच्या? त्यांच्यातल्याच एकाला जबाबदार धरलं की काम सोपं. कान्हेरीच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली आणि बापांची नावं कोरून गेलेले पारशी याच जगातले. सहलीला गेल्यावर भिंतीवर नाव लिहायची खोड जुनी आहे, एवढंच त्याबद्दल सांगते.

सगळ्यात पूर्ण कागदपत्र मात्र वेरावळचं. इ.स. १२६४. गझनीच्या महमुदाने सोमनाथ लुटल्याला दोनशेहून अधिक वर्षं झालेली. होर्मुझचा नाखवा नुरुद्दीन फिरोज सोमनाथ पट्टणाबाहेर मशिदीसाठी जमीन घेतो. विकणारा छाड नावाचा स्थानिक बडा माणूस. शिलालेख संस्कृतात आणि अरबीत. तारीख चार कालगणनांत दिली आहे: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. मला यात काव्यबिव्य दिसत नाही. चार तऱ्हेच्या लोकांपुढे दस्त टिकवायचा तर चार तारखा लागतात. आम्ही बिल ऑफ लेडिंग आणि इनव्हॉइसच्या तारखा जुळवताना जी तगमग करायचो तीच ही.

त्या वेळी राजा वाघेला अर्जुनदेव, आणि सोमनाथच्या पंचकुलाचा, म्हणजे गावकारभाराच्या मंडळाचा, प्रमुख होता पाशुपत या शैव पंथाचा आचार्य वीरभद्र. शैव महंतांच्या देखरेखीतल्या गावात मशिदीचा व्यवहार रीतसर नोंदला गेला. खर्चाची सोय काय केली ते बघा. एक वाडीजागा, एक तेलाचा घाणा, मशिदीसमोरची दोन दुकानं. त्याच्या उत्पन्नातून दिव्याचं तेल, पाणी, इमाम, मुअज्जिन, कुराण वाचणारा, खलाशांच्या रिवाजाप्रमाणे सणाच्या रात्री, दरवर्षीची डागडुजी. उरेल ते मक्का-मदिनेला. बघणार कोण? गावातल्या जमाती: जहाजवाले नाखवे, घांची म्हणजे तेली, चुनेकाम करणारे. चौकट खारेपाटणच्या दानाचीच. उत्पन्नाचं साधन, खर्चाची बाब, देखरेख, उरलेल्याची व्यवस्था. देव बदलला, तेलाचा घाणा तोच.

असं काही लिहिलं की व्हॉट्सॲपवर लगेच दोन टोळ्या जमतात. एक म्हणते, बघा आपण किती उदार होतो. दुसरी म्हणते, छे, सगळं खोटं, तेव्हाही कापाकापीच होती. पहिलीला मी खंभातची गोष्ट सांगते. तेराव्या शतकात औफी नावाच्या फारसी लेखकाने तिथे ऐकून लिहून ठेवली, काळ गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाचा. खंभातच्या मुसलमानांवर हल्ला झाला, ऐंशी माणसं मारली गेली, मशीद जाळली. खतीब, म्हणजे मशिदीत प्रवचन देणारा, अली जीव वाचवून राजाकडे गेला. राजाने दरबारात सांगितलं की मी तीन दिवस अंतःपुरात आहे, आणि व्यापाऱ्याच्या वेषात उंटावरून थेट खंभात गाठलं. बाजारात चौकशी केली, समुद्राचं पाणी भांड्यात भरून परत आला. दरबारात ते पाणी चाखायला देऊन सांगितलं, मी स्वतः जाऊन खरं-खोटं करून आलोय. प्रत्येक समाजाच्या पुढाऱ्यांना शिक्षा केली आणि मशीद पुन्हा बांधायला एक लाख बालोत्रा (तिथली नाणी) दिले. गोष्टीत तिखटमीठ असेल. ऐंशी मेले आणि मशीद जळली, हे मात्र त्यातच आहे, ते गाळून उदारतेची पोस्ट करता येत नाही. दुसऱ्या टोळीला मी विचारते, राजा तीन दिवस उंटावर का बसला? माझं उत्तर: खंभात म्हणजे त्याची तिजोरी. नाखव्यांनी दुसरं बंदर धरलं असतं तर त्याच्या दरबारातल्या कवींचा पगारही अडला असता.

दूरवरही हीच रीत. कोल्लमला ८४९ साली सिरियन ख्रिस्ती चर्चला सवलती दिल्या, त्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीतल्या फारसीत. चीनच्या क्वानचौ बंदरात १२८१ साली तमिळ व्यापाऱ्याने शिवाचं देऊळ उभारलं तेव्हा परवाना मोंगल खानाचा, आणि तमिळ शिलालेखात त्याच खानाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना. परवान्याचा अर्ज लिहिताना साहेबाच्या आरोग्याची चौकशी करावी लागते, हे सगळ्या देवांना समजतं.

सवलतीही होत्या, आणि त्या कुणाला मिळत हेही तसंच. शिलाहार अनंतदेवाच्या १०९४च्या पटात ठाणं, नागपूर (हे अलिबागजवळचं नागाव), सोपारा आणि चेऊल (म्हणजे चौल) या बंदरांत भाभण आणि धणाम या श्रेष्ठी भावांच्या मालाला शुल्क माफ केलंय. भाभण राजाचा अमात्यही होता. यावर मी काही बोलत नाही, माझं पेन्शन चालू आहे.

शेवटी मंगलोर. तिथे ११३२ ते ११४९ या काळात अब्राहम बेन यिजू नावाचा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी राहत होता. त्याची पत्रं कैरोजवळच्या फुस्तातच्या ज्यू प्रार्थनामंदिरात जपली गेली. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून सगळेच कागद तिथल्या कोठीत टाकत, त्यामुळे तीन लाखांच्या घरात तुकडे उरले. त्याने मंगलोरला पितळेच्या भांड्यांचा कारखाना काढला. एडनहून फुटकी भांडी यायची, नवी घडून परत जायची. मिरी, लोखंड, सुपारी इकडून, तांबं, सोमल आणि कागद तिकडून. आशू नावाच्या गुलाम बाईला त्याने ऑक्टोबर ११३२मध्ये मुक्त केल्याचा दस्त आहे. त्याचा कारभारी बोम्माही गुलामच होता, एडनपर्यंत जाऊन हिशेब करून यायचा. या व्यापारात माणसंही विकली जात, हे सोन्याच्या गद्याणांच्या गप्पा मारताना विसरू नये.

एडनचा ज्यू व्यापारप्रमुख मदमून त्याला लिहितो, तिथल्या सूस सिती, कनाबती आणि इसहाक बनिया यांना माझा नमस्कार कळव आणि सांग की मिरीला इथे भाव आहे, मंगलोरहून त्यांनी जहाज भरलं तर मी भागीदार व्हायला तयार आहे. शेट्टी, गुजराती, बनिया आणि ज्यू यांचं एकच जहाज, आणि पत्रात चर्चा फक्त भावाची.

आणि धर्म एक असला की विश्वास आपोआप येतो म्हणावं तर तेही खरं नाही. बेन यिजूने एका कारदाराला, म्हणजे इथल्या मध्यस्थाला, वेलदोड्यासाठी आगाऊ पैसे दिले आणि त्याने माल दिलाच नाही. एडनच्या त्याच्या धर्मबंधू भागीदारांपैकी एकाने कारदाराला शिव्याशाप दिले, इथल्या लोकांशी बोललोय म्हणून कळवलं, आणि खाली स्वच्छ लिहिलं की त्यांच्या मते तो वेलदोडा तुझा होता, त्यात आमचा वाटा नव्हता, तुझं तू त्याच्याशी बघून घे.