तासाचा दर सगळ्यात शेवटी वाचा

अमेरिकेतल्या रिजनल, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या, एअरलाइनमध्ये भरती निघाली की आधी नजर जाते ती एकाच आकड्यावर: पहिल्या वर्षी तासाला किती डॉलर? तिकडे वाढलेल्या, उड्डाणाचे १५०० तास भरत आणलेल्या एखाद्या मराठी मुलाच्या किंवा मुलीच्या हातात अशा कंपनीचा तिच्या वैमानिकांच्या युनियनशी झालेला करार पडला, तर माझा सल्ला सरळ आहे. दराचं पान बाजूला ठेवा. विमानं कोणाची, काम कोणाचं आणि ते काढून घ्यायचा अधिकार कोणाला, हे सांगणारी कलमं आधी वाचा. नोकरीची शाश्वती तिथे ठरते.

विमानावर अमेरिकन ईगल, डेल्टा कनेक्शन किंवा युनायटेड एक्स्प्रेस असं नाव असतं, पण ते उडवणारी कंपनी वेगळी असते. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट या अमेरिकन एअरलाइन्सच्या समूहाच्या मालकीच्या. एंडेव्हर डेल्टाच्या मालकीची. स्कायवेस्ट आणि रिपब्लिक स्वतंत्र. तिकीट मोठी कंपनी विकते, वेळापत्रक ती ठरवते, आणि रिजनल कंपनीला उड्डाणांमागे ठरलेले पैसे देते. बहुतेक करारांत इंधनाचा खर्चही मोठी कंपनीच उचलते. मग रिजनल कंपनीच्या हातात कमी-जास्त करण्यासारखा मोठा खर्च उरतो तो माणसांचा. वैमानिकांच्या वाटाघाटींवर कायम जो दबाव असतो, त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे, एखाद्या मॅनेजरच्या स्वभावात नाही.

दोन कंपन्यांमधला हा करार मोठ्या कंपनीने नव्याने केलाच नाही तर काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. युनायटेडसाठी ५० आसनी एम्ब्रायर १४५ विमानं दोन कंपन्या उडवत होत्या, एक्स्प्रेसजेट आणि कॉम्यूटएअर. कोविडमध्ये युनायटेडने हे सगळं काम एकाच कंपनीकडे द्यायचं ठरवलं आणि कॉम्यूटएअरची निवड केली. ३० सप्टेंबर २०२० ला एक्स्प्रेसजेटचं युनायटेडसाठीचं उड्डाण थांबलं. दोन्हीकडचे वैमानिक एकाच राष्ट्रीय युनियनचे, म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशनचे (सगळे तिला आल्पा म्हणतात) सभासद होते. तरी एक्स्प्रेसजेटच्या वैमानिकांची सिनिऑरिटी कॉम्यूटएअरमध्ये गेली नाही.

अमेरिकेत सिनिऑरिटी नंबर हेच वैमानिकाचं भांडवल. बेस कोणता, कॅप्टन कधी होणार, दिवाळीत रजा मिळणार का, रिझर्व्हवर, म्हणजे बोलावलं की हजर व्हायच्या ड्युटीवर, किती महिने काढायचे, कपात झाली तर कोण आधी घरी जाणार, हे सगळं त्या नंबरावर. पण तो नंबर त्या एका कंपनीपुरता. दुसरीकडे गेलात की वीस वर्षांचा कॅप्टनही यादीच्या तळाशी. २००७ चा मॅकॅस्किल-बाँड कायदा सिनिऑरिटीच्या याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र करायला लावतो, पण तो विलीनीकरण झालं तर. एका कंपनीचं काम काढून दुसरीला दिलं, तर ते विलीनीकरण नाही. म्हणून वैमानिकांच्या करारात मालक बदलला किंवा विमानं दुसऱ्या कंपनीकडे गेली तर काय, याबद्दलची वाक्यं शब्दन्शब्द वाचा. 'वैमानिक विमानांबरोबर जातील' असं स्पष्ट लिहिलेलं असणं आणि 'कंपनी वाजवी प्रयत्न करेल' असं लिहिलेलं असणं यात नोकरी असण्या-नसण्याचा फरक आहे.

दुसरी भिंत मोठ्या कंपनीच्या करारात असते. तिचं नाव स्कोप. मोठ्या कंपनीचे वैमानिक आपल्या करारात लिहून घेतात की बाहेरच्या कंपनीला किती आसनांची, किती वजनाची आणि किती विमानं उडवायला द्यायची. तीन बड्या कंपन्यांमध्ये ही मर्यादा ७६ आसनं आणि ८६,००० पौंड कमाल टेकऑफ वजनावर येऊन थांबली आहे. एम्ब्रायरचं नवं ई१७५-ई२ या वजनात बसत नाही, त्यामुळे अमेरिकन रिजनल कंपन्यांना ते घेताच आलेलं नाही. म्हणजे तुम्ही कोणतं विमान उडवणार आणि तुमची कंपनी किती वाढणार, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे तुम्हाला खुर्चीच नसते. २०१२ च्या जूनमध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी जो करार मंजूर केला, त्यात ७६ आसनी विमानं वाढवायला परवानगी होती. बदल्यात ५० आसनी विमानं कमी होणार होती आणि मुख्य कंपनीत ८८ बोइंग ७१७ येणार होती. डेल्टाच्या वैमानिकांसाठी सौदा चांगला होता. पुढच्याच महिन्यात डेल्टाने आपल्याच मालकीची कॉमएअर बंद करण्याची घोषणा केली.

कॉमएअरबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण रिजनल वैमानिकांच्या एकजुटीची गोष्ट निघाली की हेच नाव येतं. २६ मार्च २००१ ला तिथले सुमारे १,३५० वैमानिक संपावर गेले. सिनसिनाटीजवळची ही कंपनी ८९ दिवस पूर्ण बंद राहिली. संपातून पगारवाढ आणि कंपनीच्या पैशातून निवृत्ती योजना मिळाली, आणि बाकीच्या रिजनल कंपन्यांतल्या वाटाघाटींना एक माप मिळालं. २००५ मध्ये डेल्टाबरोबर कॉमएअरही दिवाळखोरी न्यायालयात गेली, तिथे पगार कापले गेले, आणि २९ सप्टेंबर २०१२ ला शेवटचं विमान उतरलं. 'संप केला म्हणून कंपनी बुडाली' असं व्यवस्थापनाच्या बाजूने अजूनही ऐकवलं जातं. ते मला पटत नाही. संप आणि बंद पडणं यांत अकरा वर्षं आहेत, आणि त्या काळात इंधनाच्या भावाने ५० आसनी जेटचं गणितच मोडलं. खरा धडा वेगळा आहे: एका कंपनीचे वैमानिक कितीही घट्ट राहिले, तरी तेच काम करायला शेजारची कंपनी तयार असेल तर त्यांची ताकद अर्धी होते.

व्यवस्थापन हेच हत्यार वापरतं. २०१३ मध्ये पीएसएच्या वैमानिकांनी सवलती देणारा करार स्वीकारला आणि त्यांच्याकडे ३० नवी सीआरजे-९०० आली. लगेच अमेरिकन ईगलच्या (आता एन्व्हॉय) वैमानिकांपुढे तसाच प्रस्ताव आला: सवलती द्या, नाहीतर नवी विमानं दुसरीकडे जातील. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी तो धुडकावला. वर्षभर कंपनी आकसत राहिली, आणि २०१५ च्या सुरुवातीला नवी एम्ब्रायर १७५ मिळतील या आश्वासनावर त्यांनी करार मान्य केला. पीएसएवाल्यांना फितूर म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी म्हणणार नाही. घरी हप्ते असताना 'विमानं की दर' असा प्रश्न कंपनी-कंपनीने वेगवेगळा विचारला गेला, तर उत्तरंही वेगवेगळीच येणार. दोन्ही कंपन्यांच्या वाटाघाटी समित्या किमान कोणत्या कलमाच्या खाली जायचं नाही हे आधी आपसात ठरवत असतील, तरच यातून वाट निघते. तुमच्या युनियनच्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न हाच विचारा.

संप इतका विरळा का, याचं उत्तर १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टमध्ये आहे. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्यात करार 'संपत' नाही. ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त बदलायला खुला होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. बोलणी अडली की नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्यस्थी करतं, आणि त्याला वेळेचं बंधन नाही. बोर्डाने लवाद सुचवला आणि कुणी एकाने तो नाकारला, तर ३० दिवसांचा थांबा. त्यानंतरच संप कायदेशीर. त्यातही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो पुढे ढकलू शकतात. त्यामुळे संपाच्या ठरावाला ९५ टक्के मतं पडली तरी उद्या विमानं थांबत नाहीत. बोर्डापुढे आणि कंपनीपुढे वजन पडतं, एवढंच. तारीख उलटल्यावर वर्षं निघून जातात, म्हणून थकबाकीचं, म्हणजे मधल्या काळाची वाढ मागाहून देण्याचं, कलम नसलेला करार कंपनीला उशिराचं बक्षीस देतो.

आता पैशाकडे. मूळ हमी, म्हणजे कमी उडालात तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास, साधारण महिन्याला ७५ च्या आसपास असते. दर दारं बंद होऊन विमान हलल्यापासून ते थांबेपर्यंतच्या वेळेला लागू. विमानतळावर ताटकळलेले तास त्यात नाहीत. इथे रिगची, म्हणजे बाहेर काढलेल्या वेळेच्या प्रमाणात किमान तास धरायची, कलमं कामाला येतात. समजा चार दिवसांची ट्रिप आहे, बेसपासून ८० तास बाहेर, प्रत्यक्ष उड्डाण १४ तास. दर ९० डॉलर. रिग नसेल तर १,२६० डॉलर. करारात चारास एक असा ट्रिप रिग असेल तर ८० भागिले ४, म्हणजे २० तास धरले जातात आणि १,८०० डॉलर मिळतात. दर तोच, फरक ५४० डॉलरचा. तासाला पाच डॉलर जास्त देणारी पण रिग नसलेली कंपनी याच्या जवळपास येत नाही. त्याच पानावर आणखी पाहा: रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे मिळतात का, ठरलेल्या आणि लागलेल्या वेळेतली जास्त ती प्रत्येक उड्डाणाला धरतात का, आणि डेडहेडला, म्हणजे कामासाठी प्रवासी म्हणून बसून जायला, पूर्ण दर आहे की अर्धा.

बोनसवर भाळू नका. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली, तेव्हा रिजनल फर्स्ट ऑफिसरचे, म्हणजे सहवैमानिकांचे, तुटपुंजे पगार देशाला कळले. त्यातून आलेल्या कायद्याने १५०० तासांची अट आली, पुढे वैमानिक मिळेनात, आणि २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकन समूहाच्या रिजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर जाहीर केले. पण त्या वाढीचा मोठा भाग ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या मुदतीचा होता. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती मूळ दरात आहे की जोडपत्रात, आणि जोडपत्र कधी संपतं, हे पेन्सिलने लिहा. बोनस परत करायची वेळ आली तर कर कापण्याआधीची रक्कम मागतात की हातात आलेली, आणि फर्लो (काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवणं) झाल्यास परतफेड माफ आहे का, हेही. भारतात गोष्ट उलट्या दिशेने अडते. इथे नोकरी सोडताना २०१७ पासून हवाई नियामक डीजीसीएच्या नियमाने कमांडरला (कॅप्टनला) एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

नोकरी लागल्यावर करार रोज वापरायचा असतो. शेड्युलिंगने नियमाबाहेरची ड्युटी दिली, तर सर्वसाधारण तत्त्व असं: आधी उडा, मग तक्रार दाखल करा. फोनवर नकार दिलात तर वाद कराराचा न राहता शिस्तभंगाचा होतो. थकवा आणि सुरक्षितता याला अपवाद. पार्ट ११७, म्हणजे वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या अमेरिकी नियमांनुसार प्रत्येक उड्डाणाआधी आपण उडायला योग्य आहोत हे वैमानिकानेच लेखी सांगायचं असतं, तेव्हा थकलेला असाल तर सही करू नका आणि थकव्याचा अहवाल त्याच दिवशी भरा. बाकी प्रकरणांत मूळ वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट, बदल झाल्याची वेळ, फोनवर बोलणाऱ्याने काय कारण दिलं आणि कराराचा कलम क्रमांक, एवढं लगेच टिपून ठेवा. तक्रारीला दिवसांची मुदत असते. पुष्कळ खऱ्या तक्रारी मुदत टळल्यामुळेच बाद होतात.

आणि नवा मसुदा मतदानाला आला की युनियनने पाठवलेल्या ठळक मुद्द्यांच्या चार पानांवर मत देऊ नका. लाल अक्षरांत काय खोडलं आणि निळ्यात काय घातलं ते दाखवणारी पूर्ण प्रत मागा. स्कोप, मालक बदल, फर्लोनंतर परत बोलावण्याचा क्रम आणि मुदत ही पानं आधी. प्रत्येक सुधारणेपुढे ती सही झाल्यावर लागू होणार की सॉफ्टवेअर तयार झाल्यावर, हे सभेत विचारून घ्या. 'सॉफ्टवेअर तयार झाल्यावर' असं उत्तर आलं तर शेवटची तारीख आणि ती चुकल्यास किती भरपाई, हे लिखित मागा.