आमची वाटचाल : ८०० ग्रॅमच्या आतली पिल्लं

शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला खिळ्यावर एक तागडी टांगलेली दिसेल. वडिलांच्या किराणा दुकानातली. एक पारडं चेपलंय, साखळीची एक कडी मी तारेने बांधलीय. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण तागडी तिथून हलवलेली नाही. आमचा धंदा तिने वाचवला. डुकराची पिल्लं कोण तोलतं, असं म्हणून हसणारे अजून आहेत.

२००८ साली सावंतवाडीजवळ भागीदारीत सहा माद्यांवर सुरुवात केली. जात लार्ज व्हाइट यॉर्कशायर. भागीदार बोलण्यात पटाईत, गोव्यातली गिऱ्हाइकं त्यानेच जमवली, हे मी नाकारत नाही. माझ्या वाट्याला जागा, विहीर आणि नातेवाइकांची बोलणी. (एक मावशी अजून आमच्याकडे पाणी पीत नाही. असो.)

त्याचा एकच हिशेब होता : एका वेताला पिल्लं किती. १४ झाली की पेढे. बाहेरून माद्या आणल्या त्याही याच आकड्यावर. पोट तेवढंच, पिल्लं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाभणीला शेवटच्या महिन्यातही हॉटेलचं खरकटंच. मग १४ मधली चार-पाच पाऊण किलोची निघायची, काहींचं कपाळ पुढे आलेलं. पोटातच उपाशी राहिलेल्या पिल्लाची ती खूण असते, हे मला फार उशिरा कळलं.

२०१२ चा जुलै. आठवड्याभरात सात माद्या व्याल्या, ९१ पिल्लं. आणि लाईट गेली ती तीन दिवस आलीच नाही. बल्ब बंद, रात्री २४ अंश, झडीचा पाऊस. मादीला तो गारवा मानवतो. पण पिल्लू ३९ अंशांच्या पोटातून ओलंचिंब बाहेर येतं, अंगावर ना धड केस ना चरबी, त्याला ३४ तरी लागतात. मोठं धडपडत सडापर्यंत पोचतं. बारकं गारठतं, गारठलं की चोखत नाही, चोखलं नाही की आणखी गारठतं. मग उबेसाठी आईला चिकटतं आणि ती कूस बदलते. चौथ्या दिवशी ३४ उरली. बाकीची मी आणि बायकोने माडाखाली पुरली, चुना टाकून.

भागीदाराने त्याच आठवड्यात हिशेब मागितला. बऱ्यातल्या चार माद्या उचलल्या, दोडामार्गच्या बाजूला स्वतःची शेड घातली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सांगत सुटला की आमच्याकडे रोग आलाय. रोग! डॉक्टरांनी दोन पिल्लं माझ्यासमोर फाडून दाखवली होती. पोटात चिकाचा थेंब नाही. पण बाजारात हे कोणाला सांगणार? महिन्यात पाच गिऱ्हाइकं तुटली.

राहिली एक बाय. चोरिसां (डुकराच्या मांसाचे गोव्याकडचे सॉसेज) करणारी, तेव्हाच साठीची. एसटीने आली, चपला बाहेर काढून शेडभर फिरली आणि म्हणाली, "पुता, रोग आसलो जाल्यार व्हडलीं कशीं उरलीं?" (रोग असता तर मोठी कशी वाचली?) सहा डुकरांचे आगाऊ पैसे ठेवून गेली. तिच्या त्या प्रश्नावर मी रात्री माळ्यावरून तागडी काढली.

पुढच्या वेतापासून प्रत्येक पिल्लू पुसलं की पारड्यात, आकडा वहीत. सहा महिन्यांत वही बोलायला लागली. सव्वा किलोच्या वरचं जवळपास सगळं जगत होतं. किलोच्या खाली गळती, ८०० च्या खाली जवळजवळ सगळं जात होतं.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. वीण चालू असताना चीक सारखा येतो, तेव्हाच वाटीत काढून ठेवा. नंतर मादी तासातून एकदा, वीसेक सेकंदच पान्हा सोडते, मग बसा बोंबलत. डुकराच्या पिल्लाला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, सगळी चिकातून, आणि तो दरवाजा एका दिवसात बंद होतो. गारठलेल्याला आधी ऊब, मग चीक. उलटं केलंत तर ठसका लागून जाईल. आमच्याकडे भाताच्या तुसाची टोपली, वर तागाचं पोतं, आता इन्व्हर्टरवरचा बल्ब. मोठी पिल्लं पोटभर प्यायली की तासभर बाजूला कोंडायची, सड बारक्यांना मोकळे. दुसऱ्या मादीखाली लावायचं तर आईचा चीक मिळाल्यावरच, आणि तेही सारख्या वजनाच्यांत. लोहाचं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी सुई, दात कापणं, शेपूट, सगळा जत्रेचा कार्यक्रम उरकणारे लोक मी पाहिलेत. आणि गाभणीला शेवटच्या महिन्यात हात आखडू नका.

पुढची सात-आठ वर्षं बरी गेली.

२०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे खरकट्यातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा ताप, आल्याच्या बातम्या सुरू झाल्या. म्हापशात परत तेच तोंड, तीच आवई. तेव्हा खरकटं कायमचं बंद केलं, खाद्याचा खर्च दीडपट झाला. बाय तेव्हाही हटली नाही. उलट तिचं एक वेगळंच निघालं. बारकं जन्मलेलं डुक्कर विक्रीच्या वजनाला यायला महिनाभर जास्त घेतं आणि चरबी धरतं. खाटीक त्यावर नाक मुरडतात. बाय मात्र पाठीवर थाप मारून म्हणते, "चरब चड, हें म्हाका." (चरबी जास्त, हे मला.) तिच्यासाठी वहीत अशांच्या नावापुढे फुली असते.

गेल्या वर्षी ८०० च्या आतली ३८ जन्मली, १७ जगली. २१ गेली, तीही वहीत आहेत.

मागच्या महिन्यात भागीदाराचा माणूस आला होता. तुमचा तो काटा कुठे मिळतो, शेठनी विचारलंय म्हणाला. कुडाळच्या दुकानाचा पत्ता दिला. चहा नाही विचारला.