तक्त्याबाहेरचा आकडा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरोघरी पडदे, चादरी, गोधड्या एकदमच धुवायला निघतात. त्याचा भार सोसायटीच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर येतो. चांदिवलीच्या एका सोसायटीतून ऑपरेटरचा फोन आला, "मॅडम, टाकी उतू चाललीय." प्लांट तळघरात. एअरेशन टाकीचा, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेतात त्या टाकीचा, फेस जाळीतून वर येऊन पार्किंगमध्ये पसरलेला आणि कमिटीवाले शूटिंग करण्यात दंग.

फेसाचा आधी रंग बघायचा. तपकिरी, चिकट असेल तर तंतुमय जिवाणू माजलेत. पांढरा, हलका असेल तर गाळ, म्हणजे जिवाणूंचा साठा, कोवळा आहे, नाहीतर डिटर्जंट जास्त. हा पांढराशुभ्र. टाकीतलं लिटरभर पाणी सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवलं. गाळ छान बसला, वास ओल्या मातीचा. म्हणजे माझे जिवाणू ठणठणीत!

मग लॅबमध्ये मिथिलीन ब्ल्यूची टेस्ट लावली. कटकटीची म्हणून सगळे टाळतात, मला आवडते. डिटर्जंट या निळ्या रंगाशी जोडी जमवतं आणि दोघं क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. फनेल जोरात हलवलं की मधली सीमा दुधाळ होते आणि पुढचा अर्धा दिवस वाया. आत येणाऱ्या पाण्याचा थर गडद निळा आला. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्याचा फिकट, पण निळाच.

तोवर ऑपरेटरने सिलिकॉन डिफोमर ओतला होता. फेस गायब. सेक्रेटरी खूश, "हेच आधी का नाही टाकलंत?"

अहो, डिफोमर बुडबुडे फोडतो, डिटर्जंट पाण्यातच राहतं. भरपूर हवा आणि वेळ मिळाला तर जिवाणू ते खातात. नाल्याच्या तळाशी हवाच नसते, तिथे ते तसंच पडून राहतं. पावडरीत फॉस्फेट असेल तर आमच्या साध्या प्लांटमधून तो बराचसा सुटतो. नाला मिठी नदीत, मिठी माहीमच्या खाडीत. पवई तलावातली जलपर्णी अशाच फॉस्फेटच्या खतावर पोसते. पण फेस आला नाही तर कपडे निघालेच नाहीत, असं मानणाऱ्यांना कोण सांगणार?

पावडर निम्मी घाला, अशी नोटीस लिफ्टमध्ये लावा म्हटलं. "लोक भडकतील," म्हणाले.

मासिक रिपोर्टात बीओडी, सीओडी (घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं), टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण), सगळं मर्यादेत. डिटर्जंटला रकानाच नाही, म्हणून तो आकडा मी खाली हाताने लिहिला. सेक्रेटरींचा निरोप आला: तेवढी ओळ काढा, उगाच प्रश्न निघतील. काढली नाही. माझं बिल अजून अडकलंय.