उलटा बाण

ऑनलाइन अभ्यासक्रमाची समन्वयक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. लिंक उघडत नाही, मुदत वाढवा, गुण कमी का? त्या दिवशी मात्र शरीरशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी फोनवर सुरुवातच केली, “मॅडम, माझ्या नोट्स चोरल्यात.”

सरांच्या नोट्स म्हणजे हाताने लिहिलेली पानं, मध्येमध्ये चिकटवलेल्या आकृत्या, आणि या सगळ्याचा स्कॅन करून केलेली पीडीएफ. वर्गातल्या एका अंध विद्यार्थिनीच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, त्यात एक अक्षर सापडेना. त्याच्या लेखी ते नुसते फोटो. शेवटी तिने मैत्रिणीकडून सगळं वाचून घेतलं, टाइप केलं, आकृत्यांची वर्णनं लिहिली आणि फाइल ग्रुपवर टाकली. वर सरांचं नाव, मूळ फाइलची लिंक, परवाना, सगळं व्यवस्थित. इतका चोख श्रेयनिर्देश आम्हा शिक्षकांच्या स्लाइड्सवरही क्वचितच दिसतो, पण ते असो.

सर अडले होते परवान्यावर. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने म्हणजे आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देण्याची सोय. सरांचा होता बीवाय-एनसी-एनडी 4.0: बीवाय म्हणजे नाव द्या, एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, आणि एनडी? “एनडी आहे. बदल करून वाटायचं नाही!” आपण बहुतेक जण चिन्हं बघूनच थांबतो. मी परवान्याचा पूर्ण मजकूर उघडला. 2013 साली आलेल्या या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की नुसतं माध्यम किंवा स्वरूप बदललं तर ते रूपांतर धरलं जात नाही. स्कॅनचं टाइप केलेलं पान झालं, एवढंच. वर्णनं तर तिचीच.

“आणि हृदयाची आकृती? ती तर बदललीच आहे ना?”

ती बदलली होती खरी. मैत्रीण आकृती सांगत असताना ही मध्येच थांबली होती. उजव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, रक्त फुप्फुसाकडे जातं, मग फुप्फुस धमनीवरचा बाण हृदयाकडे का? बाण उलटाच होता. डोळस वर्गात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मैत्रिणीने तो सुलटा काढून दिला, आणि एनडीखाली नेमकं हेच वाटता येत नाही. म्हणजे नियमाने चुकीचा बाण वाटायला मोकळीक, बरोबर बाणाला मनाई.

मी ते पान मोठं करून पाहिलं. मूळ नावं पांढऱ्या शाईने झाकून वर पेनाने मराठी नावं लिहिलेली. बाणही पेनाचाच. आकृती देऊन इंटरनेटवर तिचं मूळ शोधलं, तर ते चित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात निघालं, बीवाय-एसए परवान्याचं, बाण बरोबर असलेलं. एसए म्हणजे त्यावरून केलेली नवी आकृती वाटायची तर त्याच अटींवर. त्यावर एनडी लावायचा अधिकार सरांना नव्हताच, आणि मूळ चित्रकाराचं नावही कुठे नव्हतं.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण एनडी काढलं तर लोक वाटेल ते करतील.”

“करतील की. पण तुमचं नाव द्यावं लागेल, आणि बदल केलाय हेही सांगावं लागेल.”

संध्याकाळी नवी फाइल आली. टाइप केलेली, बीवाय-एसएखाली, श्रेयात चित्रकार आणि दोघी मुली. जुनी पीडीएफ मात्र किती जणांच्या फोनमध्ये असेल कोण जाणे. मागच्या तुकड्यांचे ईमेल पत्ते काढून मी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं.